आराखडा आपला, पण फाइल कोणाची? आउटलायनर आणि माइंड मॅप निवडताना

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारं ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ वगैरे काढून टाकलंय आणि घाईत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी घातल्यात. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय एका श्रोत्यांच्या व्हॉइस मेसेजवरून निघाला. त्यांचं म्हणणं असं, की ऑफिसात विंडोज आहे, घरी मुलीचा मॅक आहे आणि खिशात अँड्रॉइड फोन. एका पुस्तकाचे मुद्दे मांडायचे आहेत. तर तिन्हीकडे चालेल असं आउटलाइनचं किंवा माइंड मॅपचं एखादं सॉफ्टवेअर सांगा.

आता याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. तीन-चार नावं सांगायची की झालं. नावं मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझी झालेली फजिती सांगते, कारण ती झाली नसती तर मीही नुसती नावंच सांगितली असती.

माझा नकाशा गेला कुठे?

काही वर्षांपूर्वी आम्ही लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांशी बोलत होतो. पुढे त्यातून काही भाग करायचे होते. सगळी तयारी मी फोनवरच्या एका माइंड मॅप ॲपमध्ये ठेवली होती. मधोमध विषय, भोवती माणसांची नावं, प्रत्येक नावाखाली प्रश्न. आणि प्रत्येक नावाखाली एक खास फांदी होती, तिला मी नाव दिलं होतं ‘रेकॉर्डर बंद झाल्यावर’. मुलाखती घेणाऱ्या कोणालाही विचारा, खरी गोष्ट चहाचा कप हातात आल्यावर सुरू होते. तेव्हाचं मी घरी येताना ट्रेनमध्ये आठवून आठवून टिपत असे.

मग ते ॲप बंद पडणार अशी सूचना आली. मी शहाणपणा करून सगळा नकाशा चित्र म्हणून सेव्ह केला आणि निर्धास्त झाले. पुढे फोन बदलला. वर्षभराने चित्र उघडलं तर नावं दिसतात, प्रश्न दिसतात, पण ‘रेकॉर्डर बंद झाल्यावर’ या फांद्या मिटलेल्या. सेव्ह करताना त्या मी उघडल्याच नव्हत्या. चित्रात फक्त नाव आणि पुढे एक छोटा गोल, म्हणजे ‘आत आणखी मजकूर आहे’. मूळ फाइल होती, पण ती उघडणारं ॲप राहिलं नव्हतं. त्यातले एक काका तोवर वारले होते. त्यांनी दारापर्यंत सोडायला येताना दोन-तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक मला आठवते, बाकीच्या नाही.

तेव्हापासून मी कोणतंही सॉफ्टवेअर बघताना पहिला प्रश्न ‘यात काय काय करता येतं’ असा विचारत नाही. ‘यातून बाहेर कसं पडायचं’ हा विचारते. आजच्या भागात सांगायचं ते एवढंच आहे. पण त्यासाठी आधी थोडी ओळख करून घेऊ.

आउटलाइन आणि माइंड मॅप: नातं काय, फरक काय

शाळेत निबंधाआधी बाई मुद्दे काढायला लावायच्या आणि प्रत्येक मुद्द्याखाली उपमुद्दे. ती आउटलाइन, मुद्द्यांची उतरंड म्हणा ना. आउटलायनर म्हणजे ही उतरंड हाताळायचं सॉफ्टवेअर. मुद्दा उचलला की त्याखालचे सगळे उपमुद्दे त्याच्याबरोबर हलतात, आणि नको असलेला भाग मिटवून ठेवता येतो. हे दोन गुण नसतील तर ती नुसती यादी.

माइंड मॅपमध्ये हीच उतरंड मधल्या एका बिंदूपासून चारी बाजूंना पसरते. आपल्या घरातली वंशावळ डोळ्यांपुढे आणा, फक्त मूळपुरुष वर न बसवता मध्ये बसवलाय.

आतून दोन्ही एकच आहेत, प्रत्येक मुद्द्याला एक पालक आणि हवी तेवढी मुलं. म्हणून एकातून दुसऱ्यात जाता येतं. वापरताना मात्र फरक पडतो. विषय अजून धूसर असतो, काय कशाला जोडलंय तेच कळत नसतं, तेव्हा नकाशा बरा. ‘आधी काय सांगायचं, मग काय’ हे ठरवायचं असतं तेव्हा आउटलाइन बरी, कारण तिच्यात क्रम आपोआप येतो. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे पडद्याची. मोठा नकाशा फोनवर बघताना बोटाने सरकवून सरकवून जीव जातो, आउटलाइन फोनवर सुखाने वाचता येते.

हे सगळं काल-परवाचं नाही. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी आपल्या संगणक यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवलं. माउस लोकांपुढे आला तो त्याच दिवशी. पण त्याच कार्यक्रमात त्यांनी बाजारहाटाची एक यादी घेऊन ती गटांत लावून, गट उघडून-मिटवून दाखवली होती. माइंड मॅप हा शब्द घरोघरी पोचवला तो टोनी बुझान यांनी, १९७४ मधल्या बीबीसीच्या मालिकेतून.

आणि आपल्या पॉडकास्टवाल्यांचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. डेव्ह वायनर यांनी १९८३ मध्ये ॲपल टू संगणकासाठी थिंकटँक नावाचा आउटलायनर आणला, १९८६ मध्ये मॅकसाठी मोअर आणला. आरएसएस फीडला ध्वनिफीत जोडायची सोय, जिच्यावर पॉडकास्ट उभं राहिलं, तिच्यामागेही हेच गृहस्थ. आणि २००० च्या सुमारास आउटलाइन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी ओपीएमएल नावाचा फाइलीचा प्रकार आला, तोही त्यांच्याच कंपनीतून. तुम्ही पॉडकास्टचं ॲप बदलताना सबस्क्रिप्शनची यादी एक्स्पोर्ट केली असेल तर ती फाइल बहुतेक ओपीएमएलच होती. म्हणजे तुम्ही ही वस्तू वापरलीय, फक्त नाव माहीत नव्हतं.

आता नावं

सगळी नावं सांगत बसत नाही. जी मला माहीत आहेत ती परिस्थितीप्रमाणे लावून सांगते.

समजा ऑफिसच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. मग ब्राउझरमध्ये चालणारं बघा. आउटलाइनसाठी वर्कफ्लोई आणि डायनालिस्ट ही दोन जुनी नावं. दोन्हींची फोनवरची ॲप्स आहेत, दोन्हींतून ओपीएमएल बाहेर काढता येतं. वर्कफ्लोईच्या मोफत खात्यात महिन्याला किती नव्या ओळी घालायच्या यावर मर्यादा असते, तेवढं ध्यानात ठेवा. माइंड मॅपसाठी कॉगल, माइंडमाइस्टर ही ब्राउझरवाली मंडळी आहेत. मात्र एक लक्षात घ्या, इथे मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतो. ऑफिसची गोपनीय कागदपत्रं किंवा कोणी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी तिथे ठेवायच्या का, हे आधी ठरवा.

समजा घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स असं सगळंच आहे आणि पैसे घालवायचे नाहीत. मग माइंड मॅपसाठी फ्रीप्लेन. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, जावावर चालतं, तिन्हीकडे सारखंच दिसतं. दिसायला जरा जुनाट, मेनू भरगच्च, पण दणकट. फ्रीमाइंड नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून ते निघालं आणि त्याच्या डॉट एमएम फाइली आजही उघडतं. अडचण एकच, फोनवर त्याचं स्वतःचं ॲप नाही. आउटलाइनसाठी याच गटात लॉगसेक आहे. आणि ज्यांना कीबोर्डवरून हात उचलायला आवडत नाही त्यांच्यासाठी इमॅक्समधला ऑर्ग मोड. तो २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या कामासाठी सुरू केला. शिकायला वेळ लागतो हे आधीच सांगते, पण त्याची फाइल म्हणजे साधा मजकूर, प्रत्येक मुद्द्यापुढे एक, दोन किंवा तीन फुल्या. नोटपॅडमध्येही वाचता येते.

समजा सगळंच ॲपलचं आहे. मग ऑम्निआउटलायनर आणि माइंडनोड, दोन्ही देखणी आणि वापरायला गोड. पण विंडोज किंवा अँड्रॉइडवर ती नाहीत. उद्या नोकरी बदलली आणि हातात विंडोज लॅपटॉप आला तर? दोन्हींतून ओपीएमएल काढता येतं, तेवढी सवय लावून घ्या म्हणजे झालं.

समजा फोन आणि संगणक दोन्हीकडे नकाशाच हवाय. मग एक्समाइंड किंवा सिंपलमाइंड. एक्समाइंड विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे आहे, पण मोफत आवृत्तीत सगळे एक्स्पोर्ट मिळत नाहीत. सिंपलमाइंड विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे. त्यात प्रत्येक ठिकाणची आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागते, म्हणून आधी हिशेब करा.

आणि समजा नवीन काहीच शिकायचं नाहीये. काही हरकत नाही! तुमच्याकडे आउटलायनर आधीपासून आहे. वर्डमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन आउटलाइन निवडा. विंडोजवर आल्ट आणि शिफ्ट दाबून बाणांची बटणं दाबली की मुद्दा वर-खाली सरकतो, आत-बाहेर जातो. लिबरऑफिसमध्ये एफ५ दाबलं की नॅव्हिगेटर उघडतो, तिथून अख्खं प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवता येतं. एकच अट आहे, शीर्षकांना नुसतं ठळक न करता हेडिंग स्टाइल द्यायची. कितीतरी प्रबंध या एका गोष्टीअभावी कट-पेस्टने लावले जातात.

बाहेर पडताना काय सोबत येतं

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. एक्स्पोर्ट म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं गेलं तिकडे. तसं नसतं. घर बदलताना टेम्पोत काय मावतं आणि काय मागे राहतं, तसा हा प्रकार आहे.

ओपीएमएलमध्ये मुद्दे आणि त्यांची उतरंड नीट जाते. मुद्द्याला जोडलेली टीप बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जाते, सगळ्यांत नाही. रंग, चित्रं, फांदीची जागा हे जात नाही. आणि एका फांदीतून दुसऱ्या फांदीकडे काढलेला बाण, म्हणजे ‘याचा त्याच्याशी संबंध आहे’ हे सांगणारी रेघ, ती तुटते. कारण उतरंडीत प्रत्येक मुद्द्याला पालक एकच. तुमचा खरा विचार त्या बाणांमध्ये असेल तर तो शब्दांतही लिहून ठेवा. ‘बघा: अमुक मुद्दा’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

मूळ फाइल कशी आहे हेही बघा. फ्रीप्लेनची डॉट एमएम फाइल नोटपॅडमध्ये उघडते. जुन्या फाइलींत मराठी अक्षरांच्या जागी हॅश, एक्स आणि पुढे आकडे असं काहीतरी दिसेल, पण घाबरू नका. ते प्रत्येक अक्षराचे युनिकोड क्रमांक आहेत. ०९१५ म्हणजे ‘क’. मजकूर शाबूत आहे, कोणीतरी जाणकार तो सहज परत काढू शकतो. एक्समाइंडची फाइल ही खरं तर झिप असते. प्रत करून तिचं नाव बदलून झिप केलं की आत मजकुराची फाइल सापडते. याउलट काही ॲप्सच्या फाइली त्या ॲपखेरीज कोणालाच वाचता येत नाहीत. माझी तशी होती.

पीडीएफचं काय, असं कोणीतरी विचारेलच. पीडीएफ वाचायला उत्तम, पण ती राखीव प्रत नव्हे. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून बघा. वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. आणि चित्राबद्दल तर मी सांगितलंच आहे.

सगळ्यांत खाली, पण सगळ्यांत भरवशाची वस्तू म्हणजे टॅब देऊन आत सरकवलेला साधा मजकूर. फ्रीप्लेनमध्ये असा मजकूर पेस्ट केला की आपोआप फांद्या तयार होतात. नकाशातली फांदी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केली की पुन्हा उतरंड मिळते.

मराठीची खास परीक्षा

इंग्रजीत लिहिलेल्या शिफारशींमध्ये हा भाग कधी नसतो, म्हणून आपणच बघायचा.

‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं सापडेलच असं नाही. फोनवर एक कीबोर्ड आणि संगणकावर दुसरा असेल तर हे हमखास होतं. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’, किती शब्द आहेत बघा! उपाय सोपा आहे. दोन्हीकडे शक्यतो एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवा आणि शोधताना शब्दाचा तो भाग टाळून शोधा.

दुसरं, जुने फॉन्ट. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली टिपणं यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग आणा.

दहा मिनिटांची चाचणी

कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी मी आता हे करते. एक छोटी फाइल बनवायची, पंधरा-वीस मुद्दे, तीन पातळ्या. त्यात एक लांब टीप, एक बाण, आणि ‘तऱ्हा’ दोन्ही कीबोर्डांवरून लिहिलेला. एक फांदी मुद्दाम मिटवून ठेवायची.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून फाइल उघडते का ते बघायचं. घाटात रेंज गेली की हाच प्रश्न येतो. नेट नसताना एक मुद्दा घालायचा, नेट आल्यावर तो संगणकावर दिसतो का ते बघायचं. मग ओपीएमएल किंवा साध्या मजकुरात एक्स्पोर्ट करून दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं. मिटलेली फांदी आली का? टीप आली का? जोडाक्षरं धड आहेत का? शेवटी तिथून पुन्हा पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. जाऊन परत येताना जे गळलं, ते तुमच्या कामात महत्त्वाचं आहे का, एवढंच मग ठरवायचं उरतं.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर: विंडोज, मॅक आणि अँड्रॉइड असं असेल आणि काम पुस्तकाचं असेल, तर आउटलाइन वर्कफ्लोई किंवा डायनालिस्टमध्ये ठेवा, कारण पुस्तकाला शेवटी क्रम लागतो. सुरुवातीला विषय चाचपडताना नकाशा हवासा वाटला तर घरच्या मॅकवर फ्रीप्लेन घाला, तिथला मजकूर उचलून आउटलाइनमध्ये आणा. आणि दर महिन्याला एक ओपीएमएल प्रत आपल्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. एखादं नाव उद्या बंद पडलं तरी पुस्तक बंद पडणार नाही.

मी स्वतः काय करते? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या फांद्या उघडते, साध्या मजकुरात प्रत काढते, एक पेन ड्राइव्हवर आणि एक मेलवर. चहा होईपर्यंत काम होतं. आणि ‘रेकॉर्डर बंद झाल्यावर’ ही फांदी आता मी मिटवतच नाही.

आज संध्याकाळी एवढं करा. तुमचा सगळ्यांत महत्त्वाचा नकाशा किंवा आउटलाइन घ्या, बाहेर काढा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर उघडून बघा. काय आलं, काय गळलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात तुमचे अनुभव घेऊ.

तोपर्यंत, ऐकत राहा, आणि हो, वाचत राहा. भेटूया!